एकेकताई आणि आमचा मुका डबा

एकेकताईंसमोर एका वेळी दोन गोष्टी बदलायची कुणाची हिंमत नव्हती. बोईसरला त्यांच्या घरी मी एकदा चहात साखर आणि आलं दोन्ही वाढवलं, तर त्यांनी पातेलंच हातातून काढून घेतलं. "आता हा साखरेनं बिघडला का आल्यानं, कसं कळायचं गं?" चहा बिघडलाच नव्हता, पण हे सांगायची सोय नव्हती. त्यांचं खरं नाव वेगळं होतं. आम्ही पाठीमागे एकेकताई म्हणायचो, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मूळच्या सांगलीकडच्या. यजमान वीज केंद्रात, म्हणून इकडे आलेल्या. स्वतः एका छोट्या कंपनीत इंजिनिअर. यंत्रांच्या पोटातले इवलेसे संगणक बोलते करायचं त्यांचं काम. माझी त्यांची गाठ पडली ती मी खाडीच्या घाणीविरुद्धचं पत्रक वाटताना. उभ्या उभ्या वाचून म्हणाल्या, "उद्गारचिन्हं भरपूर आहेत. आकडा एकही नाही."

आकडा आणायचा कुठून? आमच्या खाडीला येऊन मिळणाऱ्या नाल्याचा असा वास यायचा, की बोंबील सुकवण्यात जन्म गेलेल्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावायच्या! पालघरला प्रदूषण खात्यात तक्रार नेली, तर तिथले साहेब म्हणाले, "वास हा पुरावा नसतो. मोजून दाखवा, मी स्वतः येतो. नाहीतर फाइल बंद." नाक नागरिकांचं, म्हणून त्याला किंमत नाही!

म्हणून आम्ही डबा बनवला. वायू मोजायचा आणि आकडा ब्लूटूथवरून बायकांच्या मोबाइलवर पाठवायचा, कारण खाडीवर नेटवर्क नाही. डबा मोजायचा, पण पाठवायचा नाही. मुका! आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला ब्लूटूथच्या चिपशी बोलायला ड्रायव्हर नावाचा मधला कारभारी लागतो. कुठल्या तारेवरून, किती वेगानं आणि कुणाची परवानगी घेऊन बोलायचं, हे त्याला नेमून द्यावं लागतं. मी सगळंच नेमून पाहिलं, एकदम. मग चिप बनवणाऱ्यांच्या निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं.

"आधी बोर्ड बघ, मग निषेध कर," म्हणत ताईंनी माझे सगळे बदल पुसले आणि भिंग घेऊन बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "परवानगीची तार इथं जोडलेलीच नाही. हा बापडा 'बोलू का' विचारून थांबलाय. हो म्हणणार कोण?"

"म्हणजे आमच्या अर्जासारखंच!"

त्या पहिल्यांदा हसल्या. ड्रायव्हरमधली परवानगीची अट त्यांनी काढून टाकली. डबा बोलू लागला, पण अर्धे आकडे गिळून. मी म्हटलं, वेगही आत्ताच उतरवू. "आज नाही. आधी हे एवढंच कसं चालतंय ते बघू." पुढच्या रविवारी त्यांनी फक्त वेग उतरवला, आणि आकडे धड येऊ लागले. दोन्ही एकाच दिवशी झालं असतं, हे माझं मत आजही कायम आहे.

साहेब आले त्या दुपारी वारा समुद्राकडून. वास नाही, आकडा शून्य. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी ताईंच्या कानाशी लागले, "डबा बोंबलांच्या मांडवाखाली सरकवू. आपोआप चढेल."

ताईंनी डबा होता तिथंच घट्ट धरून ठेवला. मग मोठ्यानं म्हणाल्या, "साहेब, आत्ता शून्य आहे. शून्यच लिहा. पण वारा फिरेपर्यंत बसा."

साहेब बसले, कारण मासे सुकवणाऱ्या बायकांच्या पुढारी पारूआक्का यांनी तळलेल्या बोंबलांचं ताट पुढे ठेवलं होतं. संध्याकाळी वारा फिरला. साहेबांचा घास ताटात पडला आणि हात नाकाकडे गेला. आक्कांनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "नाक कशाला दाबता साहेब? नाकाचं तुमी मानत नाय ना? ह्यो आकडा बगा, चढतो हाय!"

तक्रार तिथंच, वाळूत बसून, नोंदली गेली.

निकाल यायच्या आत ताईंच्या यजमानांची राजस्थानात बदली झाली. मी निरोपाचं भाषण लिहून नेलं. सामानाच्या टेम्पोशेजारी उभ्या राहून त्यांनी ते पूर्ण ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पहिलं पान काढलंस तरी चालेल."

अखेर नाल्यात सांडपाणी सोडणारा कारखान्याचा पाइप बंद झाला. आम्ही खाडीवर पेढ्यांचा पुडा फोडला आणि गावातून ताईंना फोन लावून आलेल्या मला आक्कांनी विचारलं, "काय बोलली?"

"म्हणाल्या, पाइप बंद केला म्हणून वास गेला, का वारा फिरला म्हणून, ते आत्ताच कसं कळेल? आठ दिवस मोजा, मग पेढे वाटा."

पारूआक्का सरपंचाला जुमानत नाहीत, नवऱ्याला नाहीत, माझ्या पत्रकांत तर त्या बोंबील बांधतात. त्यांनी ओठांपर्यंत नेलेला पेढा परत पुड्यात ठेवला, आणि शेजारणीच्या हातातलाही काढून घेतला.