व्याही, विहीण आणि मधलं स्टेशन

आई पहिल्यांदा जर्मनीला आली तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. लग्न इथल्याच सरकारी कचेरीत झालं. त्या वेळी बाबा अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळे घरून कुणी येऊ शकलं नाही. पुढे बाबा गेले. त्यांचं वर्षश्राद्ध उरकल्यावर आईच फोनवर म्हणाली, "आता येऊन जाते एकदा."

मी फ्रँकफुर्टला राहतो. बायको जर्मन आहे, शाळेत शिकवते. तिला त्या दिवशी रजा मिळाली नाही, तेव्हा विमानतळावर मी एकटाच जाणार होतो. आदल्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला.

"मीही येतो," ते म्हणाले.

"कशाला त्रास घेता? रविवारी जेवायला भेटणारच आहात."

"घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला घ्यायला जायचं असतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सासरे र्युसेल्सहाइमला एकटेच राहतात. सासूबाई आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी वारल्या. सासऱ्यांची सगळी नोकरी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात झाली, त्यामुळे कुठेही जायचं तर स्वतःची गाडी काढून जायचं, हा त्यांचा बाणा. पण नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. म्हणून तेही एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, विमानतळावर आले. अंगात चांगला कोट, हातात कागदात गुंडाळलेली फुलं. मोबाईल घरी. त्यांच्या मते मोबाईल गाडी रस्त्यात बंद पडली तर लागतो, आणि आज तर गाडीच नव्हती.

आई बाहेर आली ती पंजाबी ड्रेसवर स्वेटर आणि पायात बूट घालून, ट्रॉलीवर दोन मोठ्या बॅगा रचून. सासऱ्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने नमस्कार केला. ते बघून त्यांनी हात जोडले, तर तोवर तिने हात पुढे केलेला. शेवटी त्यांनी फुलंच तिच्या हातात दिली.

"व्याह्यांना म्हणावं, उगाच एवढ्या सकाळी तसदी घेतली," आई मला म्हणाली.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. सासरे मान हलवत म्हणाले, "जा, जा."

आईने माझ्याकडे बघितलं. "आत्ता तर आले, आणि लगेच जा?"

जर्मनमध्ये 'जा' म्हणजे 'हो', हे सांगितल्यावर ती हसली आणि दोन-तीनदा स्वतःशी म्हणूनही बघितलं.

विमानतळाखालीच स्टेशन आहे. फलाटावर गर्दी होती, कारण आधीची एक गाडी रद्द झाली होती. आमची गाडी आली. मी आईला आत चढवलं, तिच्यापाठोपाठ सासरे एक बॅग घेऊन चढले. दुसरी बॅग घ्यायला मी मागे वळलो. तेवढ्यात एक जोडपं बाबागाडी घेऊन मध्ये आलं. त्यांना वाट दिली, बॅग उचलली आणि दाराशी पोचलो तोच दार लागलं. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काचेतून आई दिसत होती. घाबरलेली अजिबात वाटत नव्हती. "येतोयस ना मागून?" असं हातानेच विचारत होती. सासरे तिच्या शेजारी ताठ उभे होते. गाडी सुटली.

मी बॅगेवर बसून विचार केला. आईच्या फोनमध्ये इथलं कार्ड नव्हतं. सासऱ्यांचा फोन घरी. दोघांत एकही सामाईक भाषा नाही; आईचं इंग्रजी बेताचं आणि सासऱ्यांचं त्याहून बेताचं. पण सासरे जर्मन आहेत, ते सरळ हाउप्टबानहोफला, शहराच्या मुख्य स्टेशनवर उतरतील आणि तिथेच फलाटावर थांबतील, असं मी धरून चाललो. पुढच्या गाडीने मीही तिथेच गेलो.

ते तिथे नव्हते. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅग ओढत फिरलो. वरच्या मजल्यावर जाऊन आलो. चौकशीच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिलो, आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिचा आवाज वर्गाबाहेर येऊन बोलल्यासारखा, दबका होता.

"पप्पांनी कुणाच्या तरी फोनवरून निरोप ठेवलाय. ते आणि आई श्टाडिओनला बसलेत. तू कुठे आहेस? आणि ते श्टाडिओनला काय करतायत?"

"बघतो," म्हटलं, आणि उलट्या दिशेची गाडी पकडली.

श्टाडिओन हे विमानतळ आणि शहर यांच्या मधलं स्टेशन. फुटबॉलचा सामना नसला की तिथे फारसं कुणी उतरत नाही. आजूबाजूला नुसतं जंगल आहे. ते दोघं एका बाकावर बसले होते, मध्ये बॅग. सासऱ्यांच्या कोटाची बटणं सोडलेली होती, कपाळावरचे केस ओले दिसत होते. मला बघून ते उठायला लागले, पण आईने हाताने खाली बसवलं आणि ते चक्क बसले.

"काय झालं?" मी त्यांना विचारलं.

"काही नाही. गाडीत कोंदट होतं. म्हटलं, जरा हवा खाऊ."

"हेच का तुमचं फ्रँकफुर्ट?" आई मला म्हणाली. "इथे तर नुसती झाडंच आहेत."

पुढच्या गाडीत आम्हाला समोरासमोर जागा मिळाली. आई आणि मी एका बाजूला, सासरे समोर. गाडी सुटल्यावर आई खिडकीबाहेर बोट दाखवत, अगदी कौतुकाच्या आवाजात म्हणाली, "आता मी सांगते ते हसत ऐक. तोंड पाडू नकोस. तुझ्या सासऱ्यांना साखर आहे."

मी बाहेर झाडांकडे बघत राहिलो.

"गाडी सुटली आणि त्यांचे हात थरथरायला लागले. घामाने चिंब झाले. काहीतरी असंबद्ध बोलायला लागले असावेत, कारण समोरची बाई त्यांच्याकडे टकामका बघत होती. मी तुझ्या बाबांचं हे कितीदा बघितलंय. विमानात चहाबरोबर साखरेच्या पुड्या देतात ना, त्या पर्समध्ये टाकल्या होत्या. त्याच त्यांच्या तोंडात ओतल्या. मग हाताला धरून खाली उतरवलं. थोड्या वेळाने शुद्धीवर आल्यासारखे झाले. मी खुणेने विचारलं, तर खिशातली गोळ्यांची पट्टी दाखवली. गोळीचं नाव इथेही तेच असतं रे. बाबांचीच गोळी."

"ती काय म्हणते?" सासऱ्यांनी विचारलं.

"शहराच्या इतक्या जवळ एवढं जंगल आहे, याचं तिला आश्चर्य वाटतंय," मी म्हणालो.

"गेनाऊ," ते म्हणाले. बरोबर बोललीस, अशा अर्थाने. आईकडे बघून त्यांनी मान हलवली. तिनेही हलवली.

"गोळी घेऊन उपाशीपोटी निघाले असणार, मला घ्यायला वेळेवर पोचायचं म्हणून," आई पुढे म्हणाली. "आणि मग ओठांवर बोट ठेवलं त्यांनी. पाकिटातला सुनेचा फोटो दाखवला आणि पुन्हा ओठांवर बोट. म्हणजे तिला सांगायचं नाही."

"मग तू मला का सांगतेयस?"

"मला जर्मन कुठे कळतं?" आई म्हणाली.

गाडी नदीवरच्या पुलावर आली. पलीकडे काचेच्या उंच इमारती दिसायला लागल्या. आता सासरे खरोखरच आईला बोटाने एकेक इमारत दाखवून त्यांची नावं सांगायला लागले, आणि ती प्रत्येक नावाला "जा, जा" म्हणत होती.

घरी पोचल्यावर सासरे जेमतेम टेकले. सूप आणि पाव खाल्ला, आणि बायको शाळेतून यायच्या आत निघून गेले. स्टेशनपर्यंत सोडायला येऊ का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी काय लहान आहे?"

बायकोला सांगावं की नाही, याचा मी दुपारभर विचार केला. सांगितलं तर सासऱ्यांना वाटणार की विहिणीने दगा दिला. नाही सांगितलं आणि पुन्हा कधी गाडीत, एकटे असताना असं झालं तर? डोळा बरा झाला की ते परत स्टीअरिंग धरणार होते, यावर माझा विचार थांबला. संध्याकाळी स्वयंपाकघरात तिला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. "आल्झो," म्हणजे 'असं आहे तर', एवढंच म्हणाली, गाजरं चिरून संपवली, हात पुसले आणि वडिलांना फोन लावायला आत गेली. बराच वेळ दार बंद होतं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "दीड वर्ष झालंय. मला सांगितलं तर मी त्यांच्या घरातली बिअर मोजत बसेन, म्हणून नाही सांगितलं."

"मग?"

"मोजणारच आहे."

रविवारी सासरे जेवायला आले, पण आईकडे बघून हसले नाहीत. हात मिळवला आणि टेबलाशी जाऊन बसले. आईने मला विचारलं, "रागावलेत का?" मी म्हटलं, "बहुतेक." तिने मान डोलावली आणि वरण वाढायला घेतलं. माझी समजूत होती की आता ती काहीतरी समजुतीचं बोलेल, मला ते जर्मनमध्ये सांगावं लागेल. पण ती सगळ्यांना वरण वाढत गेली.

जेवताना मध्येच सासऱ्यांनी काटा खाली ठेवला. "आईला विचार," ते मला म्हणाले, "तिच्या नवऱ्याला शेवटी शेवटी कसं झालं होतं."

बायको म्हणाली, "पप्पा, जेवताना कशाला?"

"मला माहीत करून घ्यायचंय. डॉक्टर कागद वाचतात. हिने बघितलंय."

मी आईला विचारलं. तिने ताट थोडं मागे सारलं आणि सांगायला लागली. आधी पायाची बोटं, मग डोळे, मग आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेणं, रिक्षा मिळेपर्यंत बाबांना दवाखान्याच्या दारात खुर्चीवर बसवून ठेवणं. काही गोष्टी मलाही नव्या होत्या. मी त्या काळात इथे होतो. एकेक वाक्य ती संपवायची, मी ते जर्मनमध्ये सांगायचो, सासरे ऐकायचे, आणि मग ती पुढचं सांगायची. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "आणि चिडायचे का?"

"रोज," आई म्हणाली. "माझ्यावरच. दुसरं होतं कोण?"

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. मग सासऱ्यांनी आपली थाळी तिच्यासमोर धरली आणि भाताकडे बोट दाखवून विचारलं, यातलं किती चालेल. आईने अर्धा भात काढून घेतला आणि त्या जागी कोबीची भाजी घातली.