चुऱ्याची गोणी

वालीवच्या आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. मी तिथला सुपरवायझर. भाषण ठोकायची मला भारी हौस. दर सोमवारी मशीन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून सांगायचो, "चूक झाली तर येऊन सांगा. कोणाला काही होणार नाही, माझा शब्द आहे."

गेल्या वर्षी एक अख्खा लॉट परत आला. झाकणं फिरवली की तडकत होती. औषधाच्या झाकणाला नव्या प्लास्टिकचा कोरा दाणाच लागतो; त्यात कोणीतरी जुन्या प्लास्टिकचा चुरा ओतला होता. मी विचारायच्या आधीच, अकरा वर्षं मशीनवर असलेल्या ताई पुढे आल्या. "साहेब, चुऱ्याची गोनी मीच ओतली. ध्यानातच नाय आलं."

ध्यानात येणार कसं? दोन्ही गोण्या सारख्याच पांढऱ्या, आणि जागा वाचवायला त्या शेजारी-शेजारी रचायला लावल्या होत्या मीच. ताईंना हे ठाऊक होतं. त्यांनी तो विषय काढलासुद्धा नाही.

दुपारी शेठचा फोन आला. "कोणी केलं? नाव सांग." गोण्या मी रचायला लावल्या, एवढंच बोलायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी ताईंचं नाव सांगून मोकळा झालो.

शनिवारी त्यांना कामावरून काढलं. जाताना त्या माझ्या टेबलाजवळ क्षणभर थांबल्या, तेव्हा मी मान खाली घालून उगाच रजिस्टर चाळत बसलो. त्या चाळण्याची मला अजून लाज वाटते.

सोमवारचं भाषण आता बंद आहे. काही बिघडलं आणि विचारलं, तर सगळे मशीनकडे बघतात. कोणालाच काही माहीत नसतं. चिडायचं तरी कोणत्या तोंडाने?

परवा वसईजवळच्या होळी गावातून येत होतो. रस्त्याकडेला ताई भाजी घेऊन बसलेल्या. सटकणार होतो, पण त्यांनी मला पाहिलं होतं.

"ताई, त्या गोण्या..." मी कसंबसं म्हणालो.

"माहीत हाय मना," त्या म्हणाल्या.

काहीतरी करायचं म्हणून मी समोरची पालकाची जुडी उचलली.

"ती ठेवा साहेब. कालची हाय. पानी मारलंय म्हनून ताजी दिसते." आणि त्यांनी मागच्या टोपलीतली दुसरी काढून माझ्या हातात दिली.