विटांचा रंग आणि मेहुण्याचा खोकला

शहराला गॅस पुरवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक भोक होतं, कपाच्या तळाएवढं. त्याला निळी काच बसवलेली. त्या भोकाला उजवा डोळा लावून नजरमास्तर सव्वीस वर्षं उभे होते. पगार अख्ख्या माणसाचा घेतात आणि काम एका डोळ्याचं करतात, असं त्यांच्यावर जळणारे म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

गॅस कसा होतो हे ते कुणालाही सांगायचे. समोरच्याने विचारलंच पाहिजे अशी अट नव्हती.

"भट्टीत कोळसा. त्याला खालून हवा मारायची, पांढराफेक होईस्तोवर. मग हवा बंद, वाफ सुरू. वाफेची आणि कोळशाची अशी जुंपते की दोघंही आपापलं रूप सोडतात, आणि गॅस होतो. पण हा गॅस अंगाने हडकुळा. जळतो निळा निळा, ना उजेड ना जोर. मग त्याला शेजारच्या बुरुजात न्यायचा. तिथे त्याच हवेने तापलेल्या विटा. विटांवर तेल शिंपडायचं. तेलाची वाफ पोटात गेली की गॅस अंग धरतो." इथे ते थांबायचे. "आता विटा नेमक्या किती तापल्या, हे कोण सांगणार?"

ऐकणाऱ्याने "तुम्ही" म्हणायचं असायचं. शहाणे लोक लगेच म्हणत आणि सुटत.

थट्टा सोडली तर काम सोपं नव्हतं. विटा कमी तापल्या तर तेलाचं डांबर होतं, जास्त तापल्या तर काजळी. मधला एक रंग असतो, त्या रंगावर हवा तोडून वाफ द्यायची. तो रंग मास्तरांच्या मते जगात दोनच ठिकाणी दिसतो. एक त्या भोकात. दुसरं ठिकाण त्यांनी कधी सांगितलं नाही, बहुधा पहिल्याचा भाव उतरू नये म्हणून.

चार मिनिटं हवा, चार मिनिटं वाफ, या तालात आयुष्य गेल्यामुळे घरीही तोच ताल. चार मिनिटं तापायचे, चार मिनिटं निवायचे. बायको लेकीला सांगायची, "आत्ता हवा चालू आहे, काही मागू नकोस. वाफ लागली की हळूच बोल."

मजल्यावर त्यांच्या हाताखाली व्हॉल्व्हच्या चाकावर त्यांचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. मास्तरांनी "वाफ!" म्हणून ओरडायचं, याने चाक फिरवायचं. मेहुणा म्हणून चिकटला, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. माणूस कामाचा निघाला, हे मात्र कुणी बोलून दाखवत नसे.

एके वर्षी नवे साहेब आले. साहेबांनी आल्या आल्या विटांच्या बुरुजात एक तार घातली आणि तिचं मीटर चाकामागच्या भिंतीवर बसवलं. मीटरला काटा, काट्यासमोर लाल रेघ. काटा रेघेवर आला की विटा तयार.

"मास्तर, आता डोळे दुखवायची गरज नाही," साहेब म्हणाले.

"छान झालं," मास्तर म्हणाले, आणि त्या दिवसापासून मीटरकडे पाठ करून उभे राहू लागले. चहाच्या वेळी म्हणाले, "काट्याला काय कळतंय? तो कधी भाजलाय का?"

साहेबही हुशार. त्यांनी मीटर लावलं, पण हुकूम जुनाच ठेवला: मास्तर सांगतील तेव्हाच वाफ. म्हणजे बिघडलं तर मास्तर, जमलं तर मीटर.

आणि नेमकं त्याच साली मास्तरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला. डावा आधीपासूनच अधू होता.

त्यांना ते कळलं नाही असं नाही. चहा कपात ओतताना बशीत पडायला लागला की माणसाला कळतं. बायको म्हणाली, "अहो, एकदा दाखवून या." मास्तर म्हणाले, "कप वाकडा आहे." त्या आठवड्यात घरातले सगळेच कप वाकडे झाले.

कारण तसं होतं. ज्याला रंग दिसत नाही त्याने मजल्यावर उभं राहायचं नाही, हा कारखान्याचा नियम, आणि तो स्वतः मास्तरांनीच आपल्या आधीच्या माणसाला लावून दाखवला होता. तो बिचारा मजल्यावरून उतरला आणि पुढच्या सोमवारी त्याचं नाव कुणाला आठवेना. मास्तरांना पगाराची काळजी नव्हती. भोकापासून चार पावलं दूर गेल्यावर आपण कोण उरतो, याची होती.

मोतीबिंदूच्या पडद्याआडून विटा मंद दिसायच्या. रंग आला तरी मास्तरांना वाटायचं, अजून नाही. मग "अजून हवा, अजून हवा." विटा भलत्याच तापायच्या, वर तेल पडलं की काजळी. गॅस धुण्याच्या टाकीतून तपकिरी पाणी यायचं ते शाईसारखं काळं येऊ लागलं. गाळ उपसणारे वर बघून शिव्या देऊ लागले.

"कोळसा बदललाय," मास्तर म्हणाले. कोळसा त्याच खाणीचा, त्याच डब्यातून येत होता. पण कोळशाला तोंड नसतं ही त्यातली सोय.

हे आठ-दहा दिवस चाललं आणि मग मेहुण्याला खोकला झाला.

खोकला मोठा शिस्तीचा होता. चाकामागचा काटा लाल रेघेवर आला की मेहुणा एकदाच खोकायचा, "ख्हं." पाठ करून उभे असलेले मास्तर दोन-चार क्षण घेत, काचेला डोळा आणखी दाबत, आणि गरजत, "झालं! वाफ!" मेहुणा चाक फिरवी. पाणी पुन्हा तपकिरी झालं, गाळवाल्यांच्या शिव्या आटल्या.

याबद्दल दोघांत एका शब्दाचंही बोलणं झालं नाही. मेहुण्याने कधी सांगितलं नाही, मास्तरांनी कधी विचारलं नाही. फक्त घरून येताना ते मेहुण्यासाठी खडीसाखर आणू लागले. कंपनीच्या डॉक्टरने त्याला औषधाची बाटली दिली. ती त्याने खिडकीतून ओतून दिली, कारण औषध लागू पडलं असतं तर पंचाईत होती.

तीन महिने असे गेले. साहेब कागदाचे शौकीन होते. मीटरच्या नोंदी एकीकडे, मास्तरांच्या हाकांच्या वेळा दुसरीकडे, असे दोन तक्ते त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि चकित झाले. मास्तर मीटरकडे न बघता बरोब्बर मीटरइतकंच सांगत होते! यातून माणूस दोन निष्कर्ष काढू शकला असता. साहेबांनी दुसरा काढला.

सगळ्यांना मजल्यावर बोलावून ते म्हणाले, "अनुभव म्हणतात तो हा. अशी नजर असताना यंत्राची गरज काय? हे मीटर मी दुसऱ्या कारखान्याला पाठवतोय. वरच्या ऑफिसला तसं पत्रही दिलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू मेहुण्याने.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर चार खिळे उरले. मास्तर भोकाला लागले. हवा सुरू झाली, पंख्याचा घुमारा चढला. मास्तर थांबले. घुमारा चालूच. मास्तर आणखी थांबले. मागे चिडीचूप.

शेवटी काचेवरून डोळा न काढता ते हळूच म्हणाले, "काय रे, तुझा खोकला?"

"बरा झाला, दाजी."

"कधी?"

"काल संध्याकाळी. मीटर नेलं तेव्हा."

मग नुसत्या अंदाजाने ते म्हणाले, "वाफ." तेही विचारल्यासारखं.

"तूच का नाही बघत भोकातून?" दुपारी त्यांनी कुजबुजून विचारलं.

"मला कुठे येतो रंग? तुम्ही कधी भोकाजवळ फिरकू दिलंत? म्हणायचात, चाकवाल्याने चाक बघावं."

"म्हटलं असेन."

"रोज म्हणायचात, दाजी."

पाच दिवसांत काजळीने नळ धरले. वाट अरुंद झाली, साठ्याच्या टाकीत गॅस कमी पडू लागला. मास्तरांनी पुन्हा कोळशाला दोष देऊन पाहिला, पण आता त्यांचा त्यांनाच तो पटेना.

सहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत घरी गेले तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि बायको दारातल्या पायरीवर बसलेली.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी ठेवलं होतं तापायला. बर्नर आपोआप विझला. मी मागे कपडे वाळत घालत होते. आत आले तर वासच वास. गॅस आपोआप परत आला होता आणि नुसता वाहत होता." मग ती म्हणाली, "पोरगी आतल्या खोलीत झोपली होती हो. वेळेवर उठवलं. डोकं दुखतंय म्हणते."

मास्तर पायरीवर तिच्याशेजारी बसले. नळात दाब पडला की ज्योत विझते आणि दाब चढला की न पेटलेला गॅस घरात शिरतो, हे ते सव्वीस वर्षं लोकांना समजावून सांगत आले होते. त्या गॅसमध्ये मरण असतं, हेही. आज त्यांनी समजावलं नाही. त्यांच्या भोकापासून शहरातल्या किती घरांत नळ गेले होते, ते मनात येऊ लागलं आणि ते उठले. चहा न घेता, चार मिनिटं न तापता, सरळ साहेबांच्या खोलीत.

"साहेब, मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"रंग. उजवा डोळा गेलाय. मीटर परत मागवा. तीन महिने मीटरच बघत होतं. मी ऐकत होतो."

खोकल्याची सगळी हकीकत त्यांनी सांगितली, मेहुण्याला वाचवून. म्हणाले, मीच त्याला खोकायला लावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, कारण ते ऐकत नव्हते. पत्राचं काय करायचं, याचा विचार करत होते.

"मास्तर, दमलाय तुम्ही. तुम्हाला उत्तम दिसतं. मी तसं वर लिहिलंय."

"लिहिलंत म्हणून दिसेल का?"

"आता मीटर परत मागायचं म्हणजे मी चुकलो असं होईल."

"मग?"

"मग तुम्ही बघत राहा."

मास्तर फार नम्रपणे म्हणाले, "बरं. पण एकदा वर चला. आज रंग जरा वेगळा वाटतोय. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने बघितलं तर मला धीर येईल."

कौतुक आलं की साहेब जिने चढायचे. वर गेले, रुमालाने काच पुसली, डोळा लावला. विटा तापत होत्या. साहेबांना रंग दिसला, पण त्या रंगाचं काय करायचं ते दिसलं नाही.

"नारिंगी आहे," साहेब म्हणाले. "चांगला नारिंगी."

"मग वाफ देऊ?"

"द्या की."

मेहुण्याने चाक फिरवलं. मास्तरांनी नोंदवही उघडून पुढे केली. "इथे सही करा साहेब. हा रकाना. 'रंग पाहणारा.' शहरात आज काही झालं तर पहिल्यांदा हाच रकाना बघतात."

साहेबांच्या हातात पेन होतं. ते त्यांनी टोपण लावून खिशात ठेवलं. मग भिंतीवरच्या चार खिळ्यांकडे असं पाहिलं, की जणू मीटर कुणी चोरून नेलं होतं. "हे काढायला कुणी सांगितलं?" असं ते विचारतील असंही क्षणभर वाटलं. पण तेवढी लाज त्यांना होती. संध्याकाळपर्यंत भट्टी थांबवून नळ साफ करायचा हुकूम निघाला, टाकीत होता तो गॅस जपून सोडला गेला, घराघरांत माणूस पाठवून ज्योत विझली की बर्नर बंद करायला सांगितलं. आणि दुसऱ्या कारखान्याला तार गेली: नजर तपासणीसाठी मीटर परत हवं. चुकलो हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

मीटर यायला चार दिवस लागले. नळ दोन दिवसांत साफ झाले, म्हणजे उरलेले दोन दिवस भट्टी मीटरविना चालवायची होती. मास्तरांनी मेहुण्याला खांद्याला धरून भोकासमोर उभं केलं, आणि चाक स्वतः हातात घेतलं.

"काय दिसतं?"

"संत्र्यासारखं."

"नीट सांग. सालीसारखं की फोडीसारखं?"

"सालीसारखं... नाही, फोडीकडे चाललंय."

"कडा दिसतात का विटांच्या?"

"दिसतात. आता पुसट व्हायला लागल्या."

"पुसट होतात, पण हरवत नाहीत, तिथे थांबायचं. हरवल्या की काजळी. सांग."

"थांबा... थांबा, दाजी... आता!"

मास्तरांनी चाक फिरवलं. घुमारा तुटला, वाफेचा फूत्कार सुरू झाला. दोघं खाली धावले आणि धुण्याच्या टाकीचं पाणी बघायला वाकले. मास्तरांना ते नीट दिसेना.

"सांग ना लेका!"

"तपकिरी आहे, दाजी. चहासारखं."

दोन दिवसांत त्यांनी जे सव्वीस वर्षं कुणाला शिकवलं नव्हतं ते सगळं शिकवलं. शिकवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ते एवढंसंच होतं.

भोकासमोरची जागा मेहुण्याला मिळाली. मास्तरांना मजल्यावरून उतरावं लागलं. मात्र कंपनी कृतघ्न नाही. ज्याला दिसत नाही त्याला झेपेल असं बैठं काम तिने फार विचार करून शोधलं. कोळशाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर, दिवसभर बारीक आकडे वाचायला.

बदलीची ऑर्डर वाचून दाखवणारी लेक हसू दाबत होती. बायकोने ते दाबायचीही तसदी घेतली नाही.

"मग काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

"म्हटलं, बसतो. पण आधी डोळ्याचं ऑपरेशन करून येतो."

"आणि साहेब?"

"म्हणाले, रजेचा अर्ज द्या. कारण विचारलं त्यांनी."

"काय लिहिलंत?"

"तूच लिही," मास्तर म्हणाले आणि कागद बायकोपुढे सरकवला. "आणि जरा मोठ्या अक्षरात. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखव."