चौकटीवरची मातीची रेघ

मंडळी, आज सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. आत्ता कुठं चहा गोड लागला, म्हणून लिहितोय.

आमच्या सांगवीच्या घरात दाराच्या चौकटीवर जमिनीपासून मातीची बारीक रेघ चढली होती. मला वाळवीची शंका आली. पण बायको म्हणाली, "आवो, कुंभारीण माशी घर बांधतीया. मोडू नगा, सूनबाईला दिवस जातील." पोराच्या लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मीही आशेनं रेघेला हात लावला नाही.

काल राहवलं नाही. बोटभर रेघ खरवडली. आज पाहतो तर ओल्या मातीनं पुन्हा जोडलेली! म्हणजे आत काहीतरी जिवंत होतं. वर सगळं छपराचं लाकूड आहे.

शेजारच्या सुतारतात्यांना बोलावलं. त्यांनी चौकट खालपासून वरपर्यंत ठोकून पाहिली.

"आबा, कुंभारणीचा गोळा आसतो. जमिनीतनं निघालेली रेघ वाळवीचीच. पर वरलं लाकूड टणक हाय, घाबरू नगा."

तळाचा वीतभर भागच पोकळ निघाला. भिंतीला लावून रचलेल्या गोवऱ्यांतून वाळवी आत शिरली होती. त्या लांब हलवल्या, तात्यांनी रेघ मोडून औषध मारलं.

भीत भीत सुनेकडं पाहिलं, तर ती हसत होती. "आबा, आधीच मोडायची की! माशीच्या भरवशावर कोण बसलंय हितं?"

दोन्ही ओझी एकदम उतरली. तुमच्या घरी अशी रेघ कुणी जपून ठेवली नाही ना?