मठाचा कोपऱ्यातला खांब

माणिकपूरहून रिक्षाने आमच्या गावी आलात की चर्चमागे जुना मठ दिसतो. पोर्तुगीज काळातला, चुन्यात बांधलेला. मधे चौक, चौकात विहीर आणि चारही बाजूंना कमानींची पडवी. आता पडवीच्या दोनच बाजू उभ्या आहेत. शेजारच्या वाडीतल्या फणसाच्या मुळ्यांनी बाकीच्या पाडल्या, असं चर्चच्या स्मरणिकेत मीच लिहिलं होतं. ते खोटं आहे.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात, आणि ते या मठातूनच. आत जायची वाट कोपऱ्यातून, एका वेळी एकच बाई घागर घेऊन जाईल एवढी. माझ्या लग्नात मला बँड थेट विहिरीपाशी हवा होता.

मामा म्हणाले, "लग्नाला चाललास की लढाईला? बाया पानी भरतील, बँड बाहेर वाजेल."

मी ऐकलं नाही. मित्रांना घेऊन वाट अडवणारा कोपऱ्यातला खांब काढला आणि वर लाकडाचा टेकू दिला. दोन्ही बाजूंच्या कमानींचा रेटा त्याच एका खांबावर येत होता. मी शाळेत भूमिती शिकवत होतो, तरी हे मला सुचलं नाही. बँड मात्र ऐटीत आत गेला.

पुढच्या पावसाळ्यात टेकू कुजून सरकला आणि दोन्ही रांगा कोसळल्या. गावाने फणसाकडे बोट दाखवलं. फणसाचा मालक माझा शेजारी. भर सभेत म्हणाला, "मास्तर, तुम्ही तरी सांगा की!"

मी म्हणालो, "मुळ्यांचं काय सांगावं."

गावाने त्याला झाड तोडायला लावलं. तो नंतर रविवारच्या मिस्सेला, प्रार्थनेला, दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जायचा. वारला तोही तसाच.

यंदा मठापुढे इतिहासाचा फलक लावायचं ठरलं आणि मजकूर माझ्याकडे आला. मी सगळं खरं लिहिलं, स्वतःच्या नावासकट. त्या शेजाऱ्याच्या बायकोला वाचून दाखवलं. ती उद्घाटनाला नवी साडी नेसून आली.

पडदा सरकला. फलकावर होतं : 'कालौघात काही भागाची पडझड झाली.' फलकाच्या समितीने मला न विचारता बदललं होतं. म्हणे, चांगल्या कामात जुनी घाण नको.

"वाचा, मास्तर," ती म्हणाली. मी वाचलं.

"हा कालौघ कुठला? आपल्याच गावचा ना?"

त्याचं उत्तर फलकावर नाही. इथे लिहून देतो. फणसाने काही केलं नव्हतं, वहिनी.