खंडेनवमीची मोटार

आमच्या गॅरेजात आलेल्या पहिल्या मोटारीचं इंजिन मी सांडशीनं उघडलं. हे ऐकून आजचे मिस्त्री हसतात आणि त्यांचं काही चुकत नाही. पण त्या दिवशी माझ्याकडे कोरे करकरीत पाने होते, पेचकस होते, हातोड्या होत्या. फक्त त्यातल्या एकालाही हात लावायची मला परवानगी नव्हती.

रियासत नुकतीच विलीन झाली होती आणि मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं होतं. मी संस्थानच्या मोटारखान्यात कारकून. कुठली मोटार कधी बाहेर पडली आणि किती पेट्रोल पिऊन परत आली, एवढं लिहायचं काम. नव्या सरकारनं मला शाजापूरच्या तहसिलीत जागा देऊ केली, तेव्हा मी घरात जाहीर केलं की मी शाजापूरला जाणार नाही, इथंच उज्जैनच्या फ्रीगंजात मोटारदुरुस्तीचं गॅरेज काढणार. आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या दरबाराची चाकरी. लेखणीपेक्षा जड वस्तू कुणी उचललेली नव्हती. बाबांनी विचारलं, मोटार आतून कधी पाहिली आहेस का? मी म्हणालो, मोटारींची मला सगळी माहिती आहे. (नंबर पाठ होते!) बाबांनी खूप विचार करून अट घातली. दसऱ्यापर्यंत एक तरी गिऱ्हाईक गॅरेजातून समाधानानं परत गेलं पाहिजे. नाही गेलं, तर मी मुकाट्यानं शाजापूरची गाडी धरायची.

पुढं गॅरेज आणि मागं घर अशी जागा मिळाली. मग हत्यारं घ्यायला टावर चौकात गेलो. दुकानदार बोहरी, गोड बोलणारा. त्यानं विचारलं, "भैया, गाड़ी कौनसी है?" मी म्हटलं, गाड़ी अभी आई नहीं. "तो पाना किस नाप का दूँ?" मी चकाकी बघून निवड करायला सुरुवात केली. हातोडी तळहातावर तोलली, पेचकस उजेडात धरून पाहिले, पक्कड कानाशी नेऊन उघडझाप केली. कशासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही. दुकानदारानं दुकानातला प्रत्येक खोका उघडला आणि शेवटी स्वतःच्या बसायच्या गादीखाली काही उरलंय का तेही बघितलं. घेतलेला एक पाना तर मी दुसऱ्या दिवशी बदलून आणला, कारण तो भिंतीवर टांगल्यावर बाकीच्यांच्या शेजारी डोळ्यांना बरा दिसेना.

हत्यारं भिंतीवर ओळीनं लागली. माझी बायको कुमुद ती रोज फडक्यानं पुसायची. श्रावण गेला, भादवा गेला, मोटार काही आली नाही. शेजारच्यांनी एकदा फोटोसाठी खिळा ठोकायला हातोडी मागून नेली, तेवढाच आमचा धंदा. बाबा रोज सकाळी गॅरेजाच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचे. शाजापूरचं हवापाणी चांगलं आहे, असं मधूनच पेपराला उद्देशून म्हणायचे.

आणि खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल पडलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. आईनं माझी भिंत सकाळीच रिकामी केली आणि सगळे पाने पाटावर मांडले. पणजोबांना दरबारातून मिळालेली, कधीच न उपसलेली गंजकी तलवार आणि बाबांची दौत-लेखणी त्यांच्या शेजारी. विळीसुद्धा पूजेत गेली होती, त्यामुळं कुमुदनं त्या दिवशीची भेंडी हातानं मोडून केली.

दुपारी जेवण करून आडवा होणार, तेवढ्यात दारात बैल आले. बैलांच्या मागं दोरखंड आणि दोरखंडाला रावसाहेबांची मोटार.

रावसाहेब म्हणजे आमच्या भागातले जहागीरदार. त्यांची मोटार काळीभोर, लांबलचक, आणि तिच्याबद्दल ते आदरानं बोलत. "बाईसाहेब सकाळपासून अबोल आहेत," असं त्यांनी मला सांगितलं. उज्जैनमधला एकही मिस्त्री त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता. एकानं काम करताना विडी ओढली, एकानं मडगार्डावर कोपर टेकलं, आणि एकानं बाईसाहेबांना 'खटारा' म्हटलं. तिघांनाही हाकलून ते माझ्याकडे आले होते. (चौथा कुणी उरलाच नव्हता, ही माझी लायकी!) संध्याकाळच्या गाडीनं इंदूरहून त्यांचे होणारे व्याही मुलीला बघायला येणार होते. जहागिरी राहणार की जाणार याची चर्चा गावोगाव चालली होती, तेव्हा स्टेशनवर निदान मोटार तरी दिसलीच पाहिजे, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

मी बाबांकडे बघितलं. पेपर खाली आला होता.

"आधी हत्यारं दाखवा," रावसाहेब म्हणाले. "बाईसाहेबांना कसला लोखंडी तुकडा लागणार, ते आम्ही आधी बघतो."

मी त्यांना देवघरापाशी नेलं. पाटावरचे पाने बघून त्यांनी जोडे काढले आणि हात जोडले. हत्यारांची अशी निगा त्यांनी कुठंच पाहिली नव्हती. मग म्हणाले, चला, आटपा. मी पाटाकडे हात नेला, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दत्तू, पूजेतलं हत्यार उचलशील तर याद राख."

मला वाटलं, रावसाहेब माझी बाजू घेतील. पण त्यांच्याही वाड्यात तलवारी पूजेला बसल्या होत्या! ते गंभीरपणे म्हणाले, मातुःश्री बरोबर बोलतात, हत्याराला हात लावायचा नाही. मात्र मोटार संध्याकाळपर्यंत चालू पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच श्वासात सांगितल्या आणि खुर्ची मागवून बसले.

कुमुदनं मला आत बोलावलं. विळी सोडली तर स्वयंपाकघरातल्या वस्तू कुठं पूजेत आहेत, असं तिचं म्हणणं. आम्ही सांडशी, उलथणं, झारा, बत्ता आणि अडकित्ता घेऊन बाहेर आलो. यातलं शस्त्र कुठलं आणि भांडं कुठलं, यावर आई आणि रावसाहेब यांची बैठक बसली. जे कापतं ते शस्त्र, असा निकाल लागून अडकित्ता बाद झाला. (आईला सुपारी लागली तेव्हा तो पुन्हा भांड्यात जमा झाला, ते वेगळं.) बत्त्यावर बराच खल झाला, आणि चटणी काय युद्धात करतात का, असं आईनं विचारल्यावर तोही पास झाला.

मी सांडशी घेऊन इंजिनात शिरलो. रावसाहेब मागं उभे. सांडशीला दुधाचा वास येतो म्हणून ती धुऊन आणायला लावली. उलथण्याला काजळी आहे म्हणून ते राखेनं घासून आणायला लावलं. मला काय बिघडलंय ते कळत नव्हतं, म्हणून जे निघेल ते मी काढत गेलो. कुमुदनं सुटे भाग ठेवायला परात आणून दिली. परात भरली. मोटार मुकी ती मुकीच. आता परातीतलं काय कुठून निघालं, हे मला आठवेना, आणि शाजापूरची कचेरी डोळ्यांपुढं दिसायला लागली. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

आईला माझी दया आली असावी. ती आरतीचं तबक घेऊन बाहेर आली. मोटारीच्या दिव्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, ओवाळलं आणि हात जोडले. मला जरा धीर आला. मी सांडशी उचलली.

"आता हात लावू नकोस," आई म्हणाली. "मोटार पूजेत गेली ना."

सांडशी माझ्या हातात तशीच राहिली. बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले असं मला वाटलं. रावसाहेबांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी आईला हळूच विचारलं, "म्हणजे बाईसाहेब धडधाकट असत्या, तरी आज त्यांना नेता आलं नसतं?"

"कसं नेणार? मतलब, आपल्यात रीत आहे ना."

"मग व्याह्यांना टांग्यातून आणलं, तर कमीपणा नाही?"

"उलट म्हणतील, घराणं रीतीचं आहे."

रावसाहेबांच्या मिशा वर गेल्या. टांगा मागवून ते स्टेशनवर गेले आणि येताना मुद्दाम व्याह्यांना आमच्या दारावरून आणलं. ह्या आमच्या बाईसाहेब, म्हणाले, आज नवमी म्हणून विश्रांती घेताहेत. व्याह्यांनी मान डोलावली. परातीवर कुमुदनं घाईनं धूतवस्त्र टाकलं होतं. त्यांना तो नैवेद्य वाटला. त्यांनी खाली वाकून नटबोल्टांना नमस्कार केला आणि प्रसादासाठी हात पुढं करून उभे राहिले. आईनं पटकन आतून वडी आणून दिली म्हणून बरं, मी तर परातीतच हात घालणार होतो. रावसाहेबांनी जाताना माझी पाठ थोपटली. असा समंजस मिस्त्री त्यांना अख्ख्या माळव्यात भेटला नव्हता.

टांगा गेला. मी छाती काढून बाबांपुढं उभा राहिलो.

"गिऱ्हाईक समाधानानं गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं," बाबा म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. गॅरेज चालू ठेव."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला आणि पेपराची घडी घालत पुढं म्हणाले, "फक्त मोटारीला हात लावू नकोस."

त्याच आठवड्यात मी एक मिस्त्री ठेवला, त्यानं परात रिकामी करून बाईसाहेबांना बोलतं केलं, आणि मी स्वतः दारातल्या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायला लागलो. तेव्हापासून आजपर्यंत बाबांचा शब्द मी मोडलेला नाही, आणि उज्जैनमधल्या मोटारी एवढी वर्षं कशा टिकतात याचं लोकांना अजून नवल वाटतं.