नजर कुणाकडे

गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे बारकी म्हणत. अंगाने बारीक, कामात त्याहून बारीक. अकरा वर्षं ती आतल्या खोलीत बसून अहवाल लिहीत होती आणि बाहेरच्या टेबलावरचा जाड्या ते ग्राहकांना वाचून दाखवत होता. जाड्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण कायम सुटलेलं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. बारकीचा डावा डोळा तिरळा होता, तो मात्र अख्ख्या कचेरीच्या डोळ्यांत खुपे.

जाड्याची बदली झाली तेव्हा तिने ते टेबल मागितलं.

साहेब म्हणाले, "काम चोख आहे हो तुमचं. पण बाईमाणूस समोर बसणार म्हणजे चेहरा प्रसन्न हवा. शुक्रवारी एक जोडपं येतंय, तुम्ही बोला. मी कोपऱ्यात बसून बघतो."

त्यांच्या हातातल्या फॉर्मवर एक ओळ होती: ग्राहकाच्या नजरेला नजर देते. होय किंवा नाही.

चार दिवस आरशापुढे बसून ती डोळा सरळ करू पाहायची.

"काळा चष्मा लाव," आई म्हणाली.

"आई, काळा चष्मा लावून पैशांबद्दल बोलले तर लोक पोलीस बोलावतील."

शुक्रवारी साहेब फॉर्म आणि पेन घेऊन कोपऱ्यात बसले. नवरा-बायको समोर बसले. बारकी नवऱ्याकडे बघून बोलू लागली. कचेरीची रीतच ती. दोन वाक्यं झाली आणि बाईच पुढे सरकल्या.

"मला विचारताय ना? सांगते. मला माझ्या एकटीच्या नावावर काहीतरी हवंय."

"हे कधी ठरलं?" नवरा दचकला.

"तुम्ही थांबा हो. त्या माझ्याकडे बघतायत."

 बारकी तर नवऱ्याकडे बघत होती. खरं सांगावं का? कोपऱ्यातलं पेन थांबलं होतं. तिने मान वळवली आणि आता खरोखरच बाईंकडे बघून सगळं समजावून सांगितलं. नवरा हं, हं करत राहिला. त्याला वाटलं, आपल्याशीच चाललंय.

उठताना बाईंनी साहेबांना विचारलं, "पुढच्या वेळी ह्याच असतील ना?"

बारकी टेबलावरचे कागद गोळा करत राहिली.

"ह्याच असतील," साहेब म्हणाले, फॉर्मकडे बघत. तिच्याकडे काही त्यांनी पाहिलं नाही.